शेवटच्या घागरीचा मान

म्हाळू,

तुझ्या दहाव्याला संतोषनं मला बोलायला उभं केलं. म्हणला, काका, बाबांचे सगळ्यात जुने दोस्त तुम्हीच, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, टोपी सारखी केली, 'माणूस चांगला होता' म्हणलो आणि खाली बसलो. दोन मागितले होते, तीन दिले. लोकांना वाटलं पाटलाचा गळा भरून आला. गळाबिळा काही भरला नव्हता. पुढचं वाक्य तोंडाशी येऊन बसलं होतं आणि ते चारचौघांत बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यातलीही निम्मी तुझ्यासंगं टेकडीवर गेली, हे तुला ठाऊक आहे. पण लिहिताना एक बरं असतं. समोर बसून कुणी तोंडाकडं बघत नाही.

महादेवाच्या ओट्यावर बसलोय. आपण पोरं असताना इथून काय काय दिसायचं. समोर टेकडी, टेकडीच्या पायथ्याला गायरान, गायरानाच्या कडेनं ओढा, आणि पार लांब जालना रोडवरून जाणारी एसटी, काडीपेटीएवढी. एसटी दिसली की तू म्हणायचास, चालली बघ औरंगाबादला, आणि आपण दोघं ती झाडाआड जाईपर्यंत बघत राहायचो. आता औरंगाबादचं संभाजीनगर झालं आणि ते बघायला कुठं जावं लागत नाही, तेच चालत इथवर आलं. गायरानावर कंपनीची निळी पत्र्याची छपरं. ओढ्याच्या अलीकडं प्लॉटिंगचे दगड, रंग मारलेले. शेंद्र्याला आधी कंपन्या आल्या तेव्हा आपण हसलो होतो, म्हणलो होतो, आपल्या खडकावर कोण येतंय मरायला.

माझ्या पाठीमागं महादेव, उजव्या हाताला बारव. बारव पांडवांनी एका रात्रीत बांधली असं आपल्याला सांगितलेलं. तू माझ्या आज्याला विचारलं होतंस, पांडवांनी बांधली तर ती एक पायरी वाकडी कशी. आजा म्हणला, ती भीमाची. तुझं समाधान झालं नव्हतं. तुझं कधी होत नव्हतं.

गाव कुणाचं, यावर आपण उभा जन्म भांडलो. आमच्या घरात सांगायचे, मूळपुरुष आला, त्यानं वेशीचा दगड रोवला आणि मेंढझरी वसली. तुझ्या घरात सांगायचे, त्याच्याआधी इथं नुसता माळ होता, तुमचा मेंढरांचा वाडा टेकडीवर उतरलेला, आणि एक दिवस भर उन्हात एक मेंढी ओलं तोंड घेऊन माघारी आली. तुझ्या खापरपणज्यानं तिच्या मागं मागं जाऊन झरा बघितला. त्याच झऱ्यावर पुढं बारव झाली. मग आमचा मूळपुरुष तहानलेला आला आणि तुमच्या माणसानं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. मी म्हणायचो, पाजलं नाही, त्यानं मागून घेतलं, पाटलाला पाजायला लागत नाही. तू म्हणायचास, मागितलं म्हणजे तहान लागली होती ना, मग झालं तर. फाट्यावरच्या हॉटेलात चहाचे कप वाळून जायचे, आपलं सरत नव्हतं. हॉटेलवाला म्हणायचा, दोघं मिळून कपाचे पैसे द्या आन् गाव मला देऊन टाका.

पण एक गोष्ट आमच्या घरालाही कबूल होती. पाणी मेंढीनं दाखवलं. म्हणून तर देव बुडवायला शेवटची घागर धनगराची.

हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या, की गाव महादेवाला पाण्यात बुडवायचं. गाभारा चार पायऱ्या खाली, त्याची पाणी जायची मोरी चिंध्या आणि चिखलानं बंद करायची, आणि घरटी एक घागर बारवेतून काढून आत ओतायची. पहिली घागर पाटलाच्या घरची. शेवटची तुमच्या घरची. तुमची पडल्याशिवाय पिंड बुडाली असं धरायचं नाही, मग पाणी कितीही वर येवो. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, असं म्हातारे सांगायचे. आपल्या हयातीत तोवर एकदाच बुडवला होता, तुझ्या बापाच्या खांद्यावर घागर होती, आणि तू लई ऐटीत त्याच्या मागं चालला होतास.

मग ती ओळीनं दुष्काळाची वर्षं आली, त्यातलं हे शेवटचं वर्ष. टेकडी भाजून काळी पडलेली. माझ्या शेतातल्या विहिरीत दगड टाकला की धूळ उडायची. माणसांना टँकर येत होता. माझी बैलं छावणीला होती. मेंढरं मात्र कुठल्या छावणीला नव्हती, ती तुझ्याकडं होती, आणि बारवेच्या तळाला जे हातभर पाणी उरलं होतं, त्यावर ती जगत होती. सकाळी तू पोहऱ्यानं पाणी काढून पाटात ओतायचास, ते पाटाच्या भोकातून दगडाच्या डोणीत उतरायचं आणि मेंढरं माना घालून प्यायची. ती अख्ख्या दगडात कोरलेली डोणी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी वस्तू. देवळापेक्षा जुनी, हे तू म्हणायचास. मी तेही मानत नव्हतो.

गावानं बैठक घेतली आणि देव बुडवायचं ठरवलं. गावानं म्हणतो, पण ठरवलं मी. तू बैठकीतून उठला नाहीस, भांडला नाहीस. दुसऱ्या दिवशी माझ्या शेताच्या बांधावर आलास. आपण दोघंच होतो.

"किशा," म्हणलास, "पाऊस येईस्तोर माझी मेंढरं त्या पाण्यावर निघतात. देवाला टँकरच्या पाण्यानं बुडव. त्याला काय कळतंय."

तसं पोरंही म्हणत होती. सरळ टँकरचा पाइप गाभाऱ्यात सोडा, तासाभरात काम. मी ऐकलं नाही. टँकरच्या पाण्यात देव बुडवलेला कुणी ऐकलाय का, म्हणलो. रीत ती रीत. आणि वर तुला बोललो, ते बोलणं मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. म्हणलो, "तुझ्या खापरपणज्याच्या मेंढीनं गावाला पाणी दावलं आन् तू मेंढरांपायी गावाचं पाणी झाकाय निघालास व्हय?"

तू माझ्याकडं बघितलंस, आणि बांधावरून उतरून गेलास.

मला भीती होती की तू आदल्या दिवशी मेंढरांना भरपूर पाजून बारव उपसून टाकशील. तेव्हा माझ्या घराचा नवा स्लॅब टाकला होता, सिमेंट उरलं होतं. मी जाऊन डोणीच्या पाटाचं भोक सिमेंटनं बुजवून टाकलं. तुझ्यावर एवढा अविश्वास मी त्याआधी कधी केला नव्हता. आणि तू तर सिमेंट बघून घरून परात आणलीस. देव बुडवायच्या सकाळी मेंढरांना तू त्या परातीतून पाणी पाजलंस, एकेकीला, असं तुझ्या कोंडाबाईनं मला फार उशिरा सांगितलं.

मग तो दिवस. हलगी वाजत होती. माझी घागर पडली, मग घराघरांच्या पडत गेल्या. पाणी गढूळ होत चाललं, शेवटी शेवटी बाया चिखलाचंच पाणी आणत होत्या. पिंडीचं नुसतं टोक वर राहिलं होतं. तू शेवटी आलास. खांद्यावर घागर, डोक्याला तुझं ते लाल मुंडासं. टेकडीवरून मेंढरं ओरडत होती, ते हलगीच्या वरून ऐकू येत होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी तू थांबलास. पाणी बघितलंस, पिंड बघितलीस, आणि मग माझ्याकडं बघून विचारलंस.

"पाटील, वतू का?"

म्हाळू, रीतीत असं विचारणं कुठं नाही. तुझ्या बापानं विचारलं नव्हतं. तू विचारलंस. एवढ्या गावात मी एकटा होतो ज्याच्या एका शब्दानं ती घागर तशीच माघारी गेली असती, डोणीत गेली असती. मला ते तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

मी म्हणलो, "वत."

तू ओतलीस. पिंड बुडाली. लोकांनी महादेवाचा जयजयकार केला, मीही केला.

मग पंधरवडाभर आभाळ तसंच. बारवेत चिखल, चिखलाला भेगा. तू मेंढरं घेऊन निघालास, चितेगावच्या बाजूनं खाली गोदावरीकडं, तिकडं कुठं कालव्याला पाणी असेल म्हणून. मी वेशीत उभा होतो. तू माझ्या समोरून गेलास आणि म्हणलास, येतो पाटील. पहिल्यांदा मला वाटलं, लोकं उभी आहेत म्हणून पाटील म्हणला. लोकांसमोर तू मला पाटीलच म्हणायचास, किशा फक्त शेतात, टेकडीवर, दोघंच असताना. तू परत आलास तेव्हा मी मुद्दाम एकटा तुझ्या घरी आलो. आणि तू म्हणलास, "बसा पाटील." त्यानंतर मरेपर्यंत तू मला किशा म्हणला नाहीस. मला त्या नावानं हाक मारणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आई गेली, भाऊ गेला. तू होतास, आणि तू ते नाव ठेवून दिलंस. रागानं नाही. हात धुऊन भाकरीची परात बाजूला सरकवावी तसं.

मेंढरं किती परत आली ते मी विचारलं नाही, वाटेतच बरीच गेली आणि राहिलेली तू बाजारात देऊन टाकलीस, एवढं गावात कळलं. तुझी ती घंटी बांधलेली म्हातारी मेंढी, जी माझ्या हातातून भाकरी ओढायची, ती कालव्याच्या अलीकडंच बसली ती उठलीच नाही. घंटी तू घरी आणलीस. दारात अडकवली होतीस. मी घरात शिरताना ती डोक्याला लागायची, आणि तू हसायचास, पाटील, वाकून या.

पाऊस आला. देव पावला, हे मी तेव्हा म्हणलो आणि आजही म्हणतो. त्यात माघार नाही. पण त्यावरूनही तू मला सुखानं जिंकू दिलं नाहीस. एकदा फाट्यावर चार माणसांत मी म्हणलो, का म्हाळबा, पावला का नाय महादेव? तू चहा फुंकत म्हणलास, "पावला की. जरा उशीर झाला. टँकरवाणी." सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

पुढं गायरानावर कंपनी आली आणि तुला गेटवर वॉचमन ठेवलं. जिथं तुझी मेंढरं चरायची तिथंच खुर्ची टाकून बसलास, खाकी घालून, पण मुंडासं सोडलं नाहीस. साहेबानं टोपी दिली तर ती तू खुर्चीला घातलीस. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी शेळ्या आत सोडल्यास म्हणून बोलणी खाल्लीस. मी एकदा गेटवर भेटायला आलो होतो. आतमध्ये हिरवं लॉन, त्यावर पाण्याची कारंजी गरगर फिरत होती. तू ते बघत होतास. म्हणलास, "एवढं गवत, पाटील, आन् एक जनावर नाय." मी म्हणलो, साहेबाला सांगून दोन मेंढ्या सोड. तू म्हणलास, "सोडल्या असत्या. पाणीबी हाय इथं." आणि लगेच विषय बदललास, माझ्या गुडघ्याचं विचारलंस. तुझी ही खोड मला फार छळायची. टोचायचं, आणि रक्त यायच्या आत आपणच फुंकर घालायची.

तुझे उपकार लिहायला बसलो तर हा कागद पुरणार नाही, आणि मला उपकार लिहायची सवय नाही. पण एक लिहितो. मेंढरं होती तोवर दरसाल सुगीनंतर तू पहिला मुक्काम माझ्या शेतात टाकायचास. गावात सगळ्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायची असायची, लेंडीखतानं जमीन फुलते. लोकं तुला धान्य कबूल करायची, आणि तू म्हणायचास, आधी पाटलाचं रान. त्या रानातल्या ज्वारीवर माझी दोन पोरं शिकली, लेकीचं लग्न झालं. आज त्या रानात प्लॉट पडलेत आणि मी स्लॅबच्या घरात राहतो. तो स्लॅब तुझ्या मेंढरांनी घातला म्हणलं तरी चालेल. आणि त्याच स्लॅबचं उरलेलं सिमेंट मी कुठं लावलं, ते आपल्या दोघांना माहीत आहे.

तू आजारी होतास तेव्हा मी आलो होतो. तुला दम लागत होता, खाटेवर उशाला टेकून बसला होतास. कोंडाबाईनं चहा ठेवला. बराच वेळ आपण कुणाच्या घरी काय शिजलं असलं बोलत राहिलो. मी उठताना तू म्हणलास, "पाटील, तेवढं डोणीचं तोंड उघडा."

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा ते काढलंस. मी म्हणलो, "आता कुणासाठी? गावात एक मेंढरू ऱ्हायलं नाय."

तू म्हणलास, "येणाऱ्यासाठी."

मी म्हणलो, बघू. आणि वाकून घंटी चुकवून बाहेर पडलो. 'बघू' हा मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. मला वाटलं होतं, तू बरा होशील, मग उघडीन, म्हणजे तुझ्या म्हणण्यावरून उघडली असं दिसणार नाही. माणूस मरायला टेकलाय आणि मी दिसण्याचा विचार करत होतो.

दहाव्याला सगळे उठून गेल्यावर कोंडाबाई माझ्यापाशी येऊन बसली. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलावं असंही वाटलं. तिचा हक्क होता. ती म्हणली, "भाऊ, लोकं तुमाला नावं ठिवायची ना, तवा ते चिडायचे. म्हणायचे, पाटलाला एकट्याला कशापायी बोलता, घागर माझ्या खांद्यावर व्हती."

म्हाळू, हे तू बरं केलं नाहीस. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी तुझ्याशी भांडून मोकळा झालो असतो. अर्धी घागर तू माझ्या खांद्यावरून काढून घेतलीस, आणि उरलेली अर्धी पहिल्यापेक्षा जड झाली. घागर तुझ्या खांद्यावर होती. पण तू विचारलं होतंस. विचारणाऱ्याचा कसूर नसतो. 'नको' म्हणायला पाहिजे होतं, आणि ते मला म्हणायला पाहिजे होतं. हे ते वाक्य, जे दहाव्याला तोंडाशी आलं होतं. आता लिहिलं.

दुसऱ्या दिवशी छन्नी-हातोडा घेऊन बारवेवर गेलो. सिमेंट दगडासारखं झालेलं, आणि माझ्या मनगटात जोर नाही. येणारी-जाणारी पोरं म्हणत होती, बाबा, आम्ही करतो, ड्रिल आणतो. नको म्हणलो. त्यांना वाटलं म्हातारा हट्टी आहे. आहे. बुजवताना कुणाला बोलावलं नव्हतं, उघडतानाही बोलावणार नव्हतो. रोज थोडं थोडं फोडलं. भोक मोकळं झालं तेव्हा आतून वर्षानुवर्षांची सुकी माती पाटात सांडली, आणि एक मुंगळ्यांची रांग.

बारवेवर आता लोखंडी जाळी आहे, कचरा टाकतात म्हणून. पाणी आहे, यंदा बरं आहे, पण हिरवं, कुणी पीत नाही. जाळीच्या तोंडातून पोहरा सोडतो आणि पाटात ओततो. भोकातून पाणी डोणीत उतरतं तो आवाज, म्हाळू, मी विसरलो होतो. आपण पोरं असताना त्या आवाजावर मेंढरं पळत यायची. आता चिमण्या येतात, एक लंगडं कुत्रं येतं. मी रोज भरतो आणि ओट्यावर बसतो. लोकं विचारतात, पाटील, कशासाठी? मी सांगतो, येणाऱ्यासाठी. तुझा शब्द आहे, पण मी तुझं नाव घेऊन सांगत नव्हतो. एवढी खोड माझ्यात अजून शिल्लक होती.

आज येणारा आला. त्याला भेटलो आणि मगच हे लिहायला बसलो. बीडकडचा धनगर, मेंढरं घेऊन प्लॉटिंगच्या दगडांमधून वाट काढत चालला होता. टेकडी ओलांडून, कंपनीच्या भिंतीला वळसा घालून ती अलीकडं आली होती, आणि पुढची एक मेंढी थांबली, नाक वर केलं, आणि सरळ डोणीकडं आली. तिच्या मागं सगळी. तो धनगर काठी टेकून उभा राहिला. डोणीवर हात फिरवला, कोरलेला काठ बघितला.

"बाबा, लई जुनी दिसती. कुणाची ही?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आज्याकडून आलेलं. वेशीचा दगड, मूळपुरुष, सगळं.

मी म्हणलो, "म्हाळबा धनगराची. त्यांच्या मेंढीनं हितलं पाणी दावलं. आमी मागून आलो, तहानलेले."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. मग माझ्या टोपीकडं, धोतराकडं बघून म्हणला, "तुमी हितले पाटील व्हय?"

"नाय," म्हणलो. "मी किशा. त्यांच्या गावचा."

त्याची मेंढरं पाणी पिऊन ओढ्याच्या बाजूला उतरली. पार वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो. सगळ्यांची तोंडं ओली होती.